किंग स्ट्रीटच्या तोंडाशी उभा असलेला तो कर्नल कोण?

प्रश्न असा आला आहे. सांगलीच्या एक काकू सहा महिन्यांसाठी मुलाकडे मॅडिसनला, म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, आल्या आहेत. संध्याकाळी नातवाला घेऊन कॅपिटॉलभोवती, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीभोवती, फेरी मारतात. किंग स्ट्रीटच्या बाजूला एका लष्करी माणसाचा पुतळा आहे, खाली नाव हेग. शेजारणीनं सांगितलं की २०२० साली लोकांनी हा पुतळा पाडला, त्याचं डोकं उडवलं आणि धड तळ्यात टाकलं. नातू विचारतो, "आजी, यानं काय वाईट केलं होतं?" आणि काकूंचा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे : नॉर्वेहून पोट भरायला आलेल्या माणसाला परक्यांच्या भांडणात तेहतिसाव्या वर्षी मरायची काय गरज होती?

काकू, मी गेली बावीस वर्षं याच भागात स्थलांतरितांच्या जुन्या दप्तरांचं काम करतो. चर्चच्या बाप्तिस्मा-मृत्यूच्या वह्या, जमिनीचे खरेदीखत, सैनिकांच्या विधवांचे पेन्शनचे अर्ज, असला सगळा कागद. हेगचं नाव त्यात इतक्या वेळा येतं की आता तो मला ओळखीतला वाटतो. म्हणून उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नातवाचं. हान्स ख्रिश्चन हेगनं काही वाईट केलं नव्हतं. गुलामगिरीच्या विरोधात तो उघडपणे उभा राहिला, तिच्या विरोधात लढणाऱ्या सैन्यातच मेला. २३ जून २०२०च्या रात्री शहरात एका कृष्णवर्णीय कार्यकर्त्याच्या अटकेवरून लोक खवळले होते. त्या रात्री त्याचा पुतळा पाडला आणि कॅपिटॉलसमोरचा 'फॉरवर्ड' नावाचा बाईचा पुतळाही पाडला. पाडणाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं नंतर छापून आलं. त्यांचा राग हेगवर नव्हता, हे राज्य आपण फार पुरोगामी आहोत अशी जी शेखी मिरवतं तिच्यावर होता. ते पटो न पटो. पुतळा मोनोना तळ्यातून काढला, दुरुस्त केला, डोकं नव्यानं ओतून बसवलं आणि सप्टेंबर २०२१मध्ये तो पुन्हा त्याच जागी उभा राहिला. तुम्ही रोज बघता तो चेहरा म्हणजे तसा नवाच आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. "परक्यांचं भांडण" हा जो शब्द तुम्ही वापरलात, माझा आक्षेप तेवढ्यालाच आहे. हेग परक्यांच्या युद्धात गेला नाही. तो आपलं गाव घेऊन युद्धात गेला. हे कसं, ते समजायला गावापासूनच सुरुवात करायला हवी.

नावाचं एक आधी सांगून टाकतो, कारण मराठी माणसाला ते चटकन कळतं आणि अमेरिकन माणसाला समजावताना माझा अर्धा तास जातो. नॉर्वेत त्या काळी माणसाचं नाव, मग बापाचं नाव, मग शेतवाडीचं नाव. हान्स, इव्हनचा मुलगा म्हणून इव्हनसेन, आणि हेग वाडीचा म्हणून हेग. म्हणजे थेट आपल्यासारखं, मधलं नाव वडिलांचं आणि शेवटी गावाचा 'कर'. आपल्याकडे असता तर हा हान्स इव्हन हेगकर झाला असता. आणि आडनाव वाडीचं असल्यामुळे वाडी बदलली की आडनावही बदलायचं, त्यामुळे अमेरिकेत आल्यावर एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं वेगळी लागलेली असतात. माझ्या धंद्यातली अर्धी डोकेदुखी ही आहे.

हान्सचा जन्म २१ डिसेंबर १८२९चा, ड्रामेन शहराजवळच्या लिएर इथला. वडील इव्हन हेग खानावळ-धर्मशाळा चालवत. घर काही उपाशी नव्हतं, हे लक्षात घ्या. नॉर्वेतून माणसं भुकेनंच अमेरिकेला गेली असं सरसकट सांगतात, ते पुढच्या लाटांना बरंचसं लागू आहे. पण १८४०चं हे कुटुंब खाऊनपिऊन सुखी होतं. इव्हन हेग हाउगे-पंथाचा होता. हान्स निल्सन हाउगे या शेतकरी उपदेशकानं सांगितलं होतं की देवाचं बोलायला पाद्रीच लागतो असं नाही, साधा माणूसही घरात चार जणांना जमवून बोलू शकतो. सरकारी चर्चला हे अर्थातच रुचणारं नव्हतं. हाउगेला तुरुंगात टाकलं होतं. आपल्याकडच्या वारकऱ्यांच्या घरगुती भजन-कीर्तनाची आठवण व्हावी असा तो प्रकार होता, फक्त टाळमृदंगाशिवाय. अशा माणसाला अमेरिकेतल्या जमिनीइतकीच तिथली मोकळीकही खुणावत असणार.

१८४०च्या वसंतात कुटुंब ड्रामेनहून निघालं तेव्हा हान्स दहा वर्षांचा होता. अटलांटिक ओलांडून, मग कालवे आणि मोठी सरोवरं पार करत मिलवॉकी. तिथून नैऋत्येला विंड लेक नावाच्या तळ्याच्या काठी मस्केगो वस्ती. तिची सुरुवात आदल्याच वर्षी झाली होती. ही जमीन पोटावाटोमी या मूळ रहिवासी लोकांची, १८३३च्या शिकागोच्या तहात त्यांच्याकडून काढून घेतलेली. इव्हन हेगच्या ओळखीतले दोघं, सोरेन बाखे आणि योहानेस योहानेसेन, यांनी तर मूळ रहिवाशांच्या दफनाच्या जुन्या मातीच्या टेकाडात खोदून आत घर आणि दुकान थाटलं होतं. कुणाच्या तरी समाधीत संसार. लेखातून हे लोक सहसा गमतीनं सांगतात. मला ते कधी गमतीनं सांगता आलेलं नाही.

जमीन दलदलीची होती. हिवताप दरवर्षीचा, आणि १८४९नंतर पटकीच्या साथी आल्या. त्या काळातली मृत्यूची वही उघडली की एकाच पानावर एकाच आडनावाच्या चार ओळी दिसतात, आई, मग तान्हं, मग वडील. नॉर्वेतल्या वर्तमानपत्रांत मस्केगोची बदनामी सुरू झाली, की अमेरिकेला जाल तर असे मराल. तेव्हा वस्तीतल्या ऐंशी पुरुषांनी मिळून सही केलेलं एक खुलं पत्र १८४५च्या सुरुवातीला ख्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ओस्लोला, पाठवलं. त्याचा मथितार्थ असा की आम्ही श्रीमंत व्हायला आलो नाही, सुपीक जमीन आहे, मोकळं राज्य आहे, आम्हाला पश्चात्ताप नाही. मरणं चालू असताना लिहिलेलं पत्र आहे ते. त्या ऐंशीतल्या कितीतरी जणांच्या घरी तोवर कुणी ना कुणी गेलेलं होतं.

या वस्तीचं केंद्र होतं इव्हन हेगचं धान्याचं कोठार. हे कोठार डोळ्यासमोर आणल्याशिवाय पोरगा कळायचा नाही. मिलवॉकीला उतरून बैलगाडीनं आलेली कुटुंबं आधी तिथंच पथाऱ्या टाकत. नवी माणसं घर बांधून होईपर्यंत तिथं राहत, आजारी पडत, काही तिथंच जात. रविवारी तिथंच उपासना. १८४३मध्ये क्लाउस क्लाउसेन नावाचा तरुण डॅनिश माणूस, जो खरं तर शिक्षक म्हणून आला होता, तो वस्तीचा पाद्री झाला आणि त्याच कोठारात प्रवचनं देऊ लागला. क्लाउसेनचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. १८४७मध्ये हेगांच्या घरीच छापखाना बसला आणि 'नोर्दलीसेत', म्हणजे 'उत्तरेचा प्रकाश', नावाचं नॉर्वेजियन वर्तमानपत्र निघालं. खानावळवाल्याचा मुलगा होता हान्स, वीस माणसांना जागा करून द्यायची, कोण कुठल्या खोऱ्यातला, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत असणार. इंग्रजीही तो लवकर शिकला, आणि नव्यानं आलेल्यांना जमिनी दाखवायला, वाट दाखवायला पोरसवदा हान्सच जायचा असं वस्तीतल्या आठवणींत येतं.

१८४९मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची हाकाटी झाली. एकोणीस वर्षांचा पोरगा, तीन सोबत्यांबरोबर गेला. दोनेक वर्षं तिकडं काढली. तेवढ्यात १८५०मध्ये इकडं वडील वारले. बातमी पोचून परत यायला १८५१ उजाडलं. धाकटी भावंडं आणि शेत त्याच्या अंगावर. गुनिल्ड आइनॉन्ग या वस्तीतल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. तिचं आडनावही वाडीचंच, तेलेमार्कमधलं.

पुढची आठ-नऊ वर्षं भराभर सांगतो. गावचा पंच, न्यायाधीश वगैरे पायऱ्या. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देऊ नये म्हणणाऱ्या फ्री सॉइल पक्षात, मग नव्या रिपब्लिकन पक्षात. १८५९मध्ये विस्कॉन्सिनच्या तुरुंगांचा आयुक्त म्हणून तो राज्यभरातून निवडून आला. नॉर्वेत जन्मलेला माणूस अमेरिकेत अशा राज्यव्यापी पदावर निवडून येण्याची ती पहिली वेळ मानतात. वाउपनच्या तुरुंगात त्यानं कैद्यांना मारण्यापेक्षा कामं शिकवण्यावर भर दिला.

इथं एक गोष्ट थोडी थांबून सांगतो, कारण नातवाला हीच आवडेल. जोशुआ ग्लोव्हर नावाचा गुलाम मिझुरीहून पळून रसीनला आला होता. १८५४मध्ये मालकानं त्याला पकडून मिलवॉकीच्या तुरुंगात टाकलं. शेरमन बूथ या संपादकानं गाव उठवलं, लोकांनी तुरुंगाचं दार फोडून ग्लोव्हरला बाहेर काढलं आणि तो कॅनडाला पोचला. पळालेला गुलाम परत करणं हा तेव्हा संघराज्याचा कायदा होता, त्यामुळे बूथवर खटले सुरू झाले, आत टाकला, सुटला, परत आत टाकला. १८६०च्या उन्हाळ्यात त्याच्या साथीदारांनी त्याला कैदेतून पळवला. तेव्हा फरार बूथला आसरा कुठं मिळाला? वाउपनला, तुरुंग आयुक्त हेगकडे! केंद्र सरकार ज्याला शोधतंय तो राज्याच्या तुरुंगाधिकाऱ्याचा पाहुणा. एकतिशीच्या आतला, बायकोपोरांचा, निवडून आलेला माणूस हा धोका पत्करतो, त्यावरून पुढं तो काय करणार याचा अंदाज यावा.

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, गुलामगिरीवरून फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं एका बाजूला आणि विस्कॉन्सिनसारखी उत्तरेतली दुसऱ्या. सप्टेंबरअखेर गव्हर्नर रँडलनं त्याला नव्या पलटणीचा कर्नल नेमलं : पंधरावी विस्कॉन्सिन, जवळजवळ सगळी स्कँडिनेव्हियन माणसांची. हेगनं 'एमिग्रँटेन' या नॉर्वेजियन वर्तमानपत्रात आवाहन छापलं. त्याचा सूर असा की जुन्या देशात आपण ज्या स्वातंत्र्यावर प्रेम करायला शिकलो तेच इथं धोक्यात आहे, मग हात पुढं करणं आपलं कर्तव्य नाही का? लक्षात घ्या, अमेरिकेचे उपकार फेडा असं तो म्हणत नाहीये. हे मूळचं आपलंच आहे, असं म्हणतोय.

आणि मग पलटण उभी राहिली ती नात्यागोत्यानं. तुकड्यांची नावंच बघा : सेंट ओलाफचे नेमबाज, ओडिनचे नेमबाज, नॉर्वेचे अस्वल-शिकारी. पलटणीचा धर्मगुरू कोण? तोच कोठारातला क्लाउसेन. सर्जन कोण? डॉ. स्टीफन ओलिव्हर हिमो, हान्सचा मेहुणा, बहीण आंद्रेआचा नवरा. रसदीचं काम सुरुवातीला कुणाकडं? धाकटा भाऊ ओलेकडं. सैनिकी दप्तरात 'पंधरावी विस्कॉन्सिन' लिहिलेलं असतं, पण मी ते दप्तर चाळतो तेव्हा मला चर्चच्या वहीतलीच नावं परत भेटतात. अमुक सालचा बाप्तिस्मा, अमुक सालचं लग्न, आणि मग एकदम टेनेसीतल्या इस्पितळात मृत्यू.

पलटणीत ओले नावाची १२८ माणसं होती असं नेहमी सांगतात. आकड्यावर मी पैज लावणार नाही, पण प्रकार खरा आहे. ओले ओल्सन, म्हणजे ओलेचा मुलगा ओले, असे इतके होते की हजेरी घेताना घोळ. हसायला येतं, पण पुढं त्यातल्या एखाद्या ओलेची विधवा पेन्शन मागायला गेली की तिला सिद्ध करावं लागे की मेला तो माझाच ओले. लग्नाचा दाखला नॉर्वेतल्या एखाद्या खोऱ्यातल्या पाद्र्याकडून यायचा. १८६२च्या कायद्यानं शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळत आणि कर्नलच्या विधवेला ३०. एका अर्जाला साक्षीदार म्हणून बाईच्या शेजाऱ्यानं लिहिलं होतं की मी हिच्या लग्नात जेवलो आहे. कारकुनाला तेवढ्यावर समाधान झालं नाही, फाइल पुढं अठरा पानं वाढली.

सगळा समाज एकदिलानं मागं होता असं मात्र समजू नका. १८६१मध्येच नॉर्वेजियन पाद्र्यांच्या सभेत वाद झाला. गुलामगिरी वाईट आहे, पण बायबलप्रमाणं ती मुळात पाप ठरत नाही, असं तिथल्या बहुतेकांनी लिहून दिलं. क्लाउसेननं आधी सही केली, मग मागं घेतली, आणि हा वाद इतका चिघळला की काही वर्षांनी त्यानं ती धर्मसभाच सोडली. शेतकऱ्यांना पाद्र्यांचं म्हणणं पटलेलं नव्हतं, हे सैन्यभरतीच्या यादीवरून दिसतं. पण प्रत्येकजण तत्त्वासाठीच आला असंही नाही. शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता, नव्या शेतावर कर्ज होतं. हेगच्या स्वतःच्या पत्रांतही बढतीची आस लपत नाही. मला त्यामुळं तो कमी वाटत नाही, उलट माणूस वाटतो.

२ मार्च १८६२ला पलटण मॅडिसनच्या कँप रँडलवरून निघाली. आज तिथं फुटबॉलचं स्टेडियम आहे, तुमचा मुलगा सामन्याला गेला असेल. वाटेत शिकागोच्या नॉर्वेजियन मंडळींनी निशाण दिलं, त्यावर नॉर्वेजियनमध्येच लिहिलं होतं, 'देवासाठी आणि आपल्या देशासाठी'. आपला देश म्हणजे कुठला, हे निशाणावर वेगळं लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

मिसिसिपीवरचं दहा नंबरचं बेट, केंटकीत पेरीव्हिल, मग १८६२च्या अखेरीस टेनेसीत स्टोन्स रिव्हर. तिथं पलटणीचा लेफ्टनंट कर्नल डेव्हिड मॅकी मारला गेला. पण गोळ्यांपेक्षा तापानं, हगवणीनं जास्त माणसं नेली, बरीच जास्त. पलटणीत सुमारे ९०० माणसं होती, त्यातली जवळजवळ एक तृतीयांश परत आली नाहीत, आणि त्यातही मोठा वाटा रोगांचा. मस्केगोच्या दलदलीतून वाचलेली पोरं टेनेसीच्या छावणीत गेली. १८६३च्या मेमध्ये हेगला ब्रिगेड मिळाली, म्हणजे आपल्या पलटणीसह चार पलटणी त्याच्या हाताखाली. २९ ऑगस्टला पहाटे टेनेसी नदी होड्यांतून ओलांडणारी पहिली ब्रिगेड त्याचीच, पलीकडच्या काठावर शत्रू आहे की नाही याची खात्री नसताना.

या सगळ्या काळात तो गुनिल्डला पत्रं लिहीत होता. एका दिवसाआड म्हणावं इतकी. पुढं १९३६मध्ये ती पुस्तकरूपानं छापली गेली. पत्रांत लढाया कमी. पैसे पोचले का, मुलं कशी आहेत, फोटो काढून पाठव, घोड्याची तब्येत, हेच जास्त. शेवटचं पत्र १८ सप्टेंबर १८६३चं. शत्रू समोर आहे, लढाई झालीच तर मोठी होईल, माझी काळजी करू नकोस, माझी तब्येत उत्तम आहे, नेहमीच्या नशिबावर भरवसा आहे, जमेल तेवढी सावधगिरी आणि धैर्य वापरीन आणि बाकीचं आपलं आपण होईल, असा त्याचा आशय आहे. हे पत्र घरी पोचायला दिवस लागले असणार. ती वाचत होती तेव्हा त्याला जाऊन बरेच दिवस झाले असणार.

१९ सप्टेंबर, जॉर्जियातलं चिकमॉगा. मी तिथं दोनदा गेलो आहे. रणांगण म्हटलं की मोकळं मैदान डोळ्यासमोर येतं, पण हे बहुतांश रान आहे, दाट झाडी आणि मध्ये मध्ये शेतकऱ्यांची मोकळी शेतं. विनियार्ड नावाच्या कुटुंबाचं असंच एक शेत. हेगची ब्रिगेड त्या शेताच्या आणि रानाच्या कडेवर दुपारभर मागंपुढं होत राहिली. झाडीतून धूर, समोर कोण हे दिसत नाही, मागून आपलीच पलटण गोळ्या झाडते आहे असाही प्रसंग पंधराव्या विस्कॉन्सिनवर आला. ब्रिगेडचा कर्नल मागं राहून हुकूम पाठवू शकतो. हेग घोड्यावर बसून रांगेपाशीच फिरत होता, पांगलेली माणसं गोळा करत होता. दिवस मावळायच्या सुमाराला त्याच्या पोटात गोळी लागली.

पोटाच्या गोळीचं आज आपल्याला नीट कळत नाही. हात किंवा पाय असता तर कापून माणूस वाचायची शक्यता होती, त्या युद्धात हजारो वाचले. पण पोट उघडून आतडं शिवायचं आणि माणूस जगवायचा, हे तेव्हा कुणालाच येत नव्हतं. जंतूंनी जखम चिघळते ही कल्पनाच सर्जनांना नव्हती, लिस्टरचे जंतुनाशकावरचे लेख १८६७मध्ये आले. पोटात गोळी लागलेल्या दहातले जवळजवळ नऊ मरत. सर्जनच्या हातात अफू आणि पाणी. आणि इथं सर्जन कोण? डॉ. हिमो. म्हणजे रात्रभर त्याच्या उशाशी होता तो बहिणीचा नवरा, आणि डॉक्टर म्हणून त्याला पहिल्या नजरेतच कळलं असणार. कोठारात आजाऱ्यांच्या पथाऱ्यांमध्ये वाढलेल्या हान्सलाही कळायला वेळ लागला नसावा. २० सप्टेंबरला दुपारच्या सुमारास तो गेला. त्याच वेळी, काही मैलांवर, त्याची बाजू ती लढाई हरत होती. पलटणीची सूत्रं घेतलेला ओले सी. जॉन्सन त्याच दिवशी शत्रूच्या हाती सापडला. सेनापती रोजक्रान्स म्हणाला म्हणतात, की मी त्याला जनरल करणार होतो.

म्हणजे तेहतीस वर्षं, नऊ महिने आणि एक दिवस कमी. विस्कॉन्सिनचा त्या युद्धात पडलेला सगळ्यात वरच्या हुद्द्याचा अधिकारी मानतात त्याला.

आता घरच्यांचं. वडील तेरा वर्षं आधीच गेले होते, त्यामुळे हे दुःख त्यांच्या वाट्याला आलं नाही. गुनिल्डच्या पदरात लहान मुलं होती. मृतदेह विस्कॉन्सिनला आणला, जे त्या युद्धात फार थोड्यांच्या नशिबी आलं. त्याच्या पलटणीतले बहुतेक ओले दक्षिणेत आहेत, काही नावासह, काही नुसत्या आकड्यासह. हान्सला मात्र विंड लेकजवळच्या नॉर्वे चर्चच्या स्मशानभूमीत, आपल्या माणसांत पुरलं.

पुतळा पॉल फ्येल्डे या नॉर्वेजियन वंशाच्याच शिल्पकाराचा. एकाच साच्याचे तीन आहेत. एक १९२५मध्ये लिएरला, जन्मगावी. दुसरा १९२६मध्ये मॅडिसनला, तो तुमचा. तिसरा विंड लेकजवळ हेगच्या नावाच्या बागेत. १९२५ हे साल काही उगाच निवडलेलं नव्हतं. स्टाव्हांगरहून पहिलं स्थलांतरितांचं जहाज निघाल्याला त्या वर्षी शंभर वर्षं झाली होती. शिवाय पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत परभाषिकांकडं संशयानं बघण्याचे दिवस होते. मुलांना घरी नॉर्वेजियन शिकवावं की नको यावर घराघरांत वाद चालले होते. अशा वेळी कॅपिटॉलच्या दारात आपला माणूस उभा करायचा, म्हणजे त्यात थोडं 'बघा, आम्हीही रक्त दिलंय' असं सांगणं होतंच. हेगला हे कितपत आवडलं असतं, कोण जाणे. त्यानं पावती मागितलेली दिसत नाही.

एवढं वाचून नातवाला घेऊन कुठं जायचं झालं, तर मुलाला सांगा, एका शनिवारी गाडीनं विंड लेकला चला, मॅडिसनहून दीडएक तास लागेल. बागेत तिसरा पुतळा आहे, जवळच टेकडीवर चर्च आणि स्मशान. कोठार आता नाही. मस्केगोचं १८४०च्या दशकातलं लाकडी चर्चही तिथं नाही, ते १९०४मध्ये उचलून मिनेसोटात सेंट पॉलच्या धर्मविद्यालयाच्या आवारात नेलं. आणि चिकमॉगाला विनियार्डच्या शेतात, जिथं त्याला गोळी लागली तिथं, तोफेच्या काळ्या गोळ्यांचा एक छोटा मनोरा रचलेला आहे. शेजारून मोटारी जातात, बहुतेक थांबत नाहीत.

विंड लेकच्या स्मशानात ऑक्टोबरनंतर वारा फार लागतो, नातवाला टोपी घाला. आणि त्याला ओलेंची गोष्ट जरूर सांगा. मी शाळेतल्या पोरांना तिथं नेतो तेव्हा ती आधी थडग्यांवरचे ओले मोजायला धावतात, मग हेगकडं येतात.